आवणीचे मोती

गोदाकाकूंचं बोलणं समजायला मला बरेच दिवस लागले. भाषा काही वेगळी नव्हती. त्यांचं माहेर पुण्याचं, माझं तळेगावचं. पण काकूंच्या दातांत सदा रेशमाचा दोरा असे. दोऱ्याचं दुसरं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, आणि मधल्या ताणलेल्या दोऱ्यावर बोटं भराभर मणी सरकवताहेत, गाठी मारताहेत. अशा वेळी दुसरी बाई गप्प बसली असती. काकूंना ते जमत नसे. "ये गं, बस, चहा टाकलाय," हे सगळं त्या मिटल्या दातांतूनच सांगत, आणि नवख्या माणसाला वाटे, बाईंना कुठंतरी कळ आलीय. पहिल्या दिवशी तर मी घाबरून त्यांच्या यजमानांना, अण्णांना, हाक मारली होती.

लग्न होऊन मी नुकतीच लोणावळ्याला आले होते. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. बाजारपेठेत पुढं अण्णांचं सोनाराचं दुकान, मागं त्यांचं बिऱ्हाड आणि त्याला लागून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. मधल्या अंगणातून दुकानातलं सगळं ऐकू येई, निम्मं दिसेही. दुपारची कामं आटपली की मी निवडायचे तांदूळ घेऊन दुकानाच्या मागच्या दारात जाऊन बसे. तांदूळ निवडून व्हायला चांगला वेळ लागे, कारण अर्धं लक्ष तिकडंच.

अण्णा घडवत आणि काकू गाठवत. मोत्यांचे सर ओवायचे, ठुशीला नवा गोंडा लावायचा, झिजलेल्या दोऱ्याची पोत पुन्हा बांधायची, ही कामं काकूंची. लहानपणी पुण्यात शेजारच्या पटवेकऱ्यांच्या ओट्यावर बसून त्या हे बघून बघून शिकल्या होत्या. लग्नानंतर अण्णांनी, "दुकानात बसशील का?" एवढंच विचारलं, आणि काकू बसल्या त्या बसल्याच. अण्णांच्या तोंडात फुंकणी, काकूंच्या तोंडात दोरा. फुंकणीनं अण्णा गप्प होत, दोऱ्यानं काकू होत नसत, एवढाच काय तो फरक.

अंगानं काकू सुटलेल्या, गोऱ्या, नाकावर चष्मा आणि चष्म्याची एक दांडी मोडून तिथं लाल रेशमाचाच दोरा बांधलेला. अंगावर मात्र काळी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या, बाकी काही नाही. गिऱ्हाइकं विचारत, "सोनारीणबाई, तुमच्या अंगावर काहीच कसं नाही?"

"दिवसभर सोनंच तर बघते," काकू म्हणत. "संध्याकाळी डोळ्यांना जरा सुट्टी नको?"

दुकानात एकच जाजम होतं. उन्हाळ्यात बंगल्यांवर राहायला येणाऱ्या मुंबईच्या शेठाणी त्याच्यावर बसत, मावळातल्या गावांतून बाजाराला आलेल्या बायका त्याच्यावर बसत, आणि डोंगरातल्या वाडीवरून पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन येणारी ठाकराची चिमीसुद्धा त्याच्यावरच. चिमीला सोनं नको असे. तिला रंगीत काचमणी हवे असत, आणि ते निवडायला ती सावकाश अर्धी दुपार घेई. एकदा ती निवडत असताना शिरीनबाई आल्या. या पारशीणबाई नवरा गेल्यावर खंडाळ्याच्या वाटेवरच्या आपल्या बंगल्यात बारमाही राहत. त्यांना त्यांचा मोत्यांचा हार न्यायचा होता.

"हिचं आधी," काकू दोऱ्यातून म्हणाल्या. "ही लांबून चालत आलीय."

शिरीनबाई बसल्या. थोडा वेळ चिमीची बोटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोदाबाई, आमालाबी असाच पायजे. डिट्टो."

चिमीनं मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं. "ह्यो रंग न्हाई खुलायचा त्यांना," ती काकूंना म्हणाली, आणि दुसऱ्या वाट्यांतून निळे-पांढरे मणी उचलून तिनं शिरीनबाईंच्या पुढ्यात ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात बंगल्यांवरच्या निम्म्या मुलींच्या गळ्यात काचमण्यांच्या माळा होत्या. काकू प्रत्येकीला सांगत, "रंग निवडायचे तर बाजाराच्या दिवशी या. चिमी येते तेव्हा." चिमीच्या माळा मग त्यांनी कायमच्या फुकट ओवून दिल्या.

त्या वर्षांत धंद्याचं सगळंच हलायला लागलं होतं. मुंबईहून साच्यात ठोकलेले दागिने येऊ लागले. मुलींना आईची वजनदार ठुशी नकोशी झाली, पातळ साखळी हवी झाली. नाक टोचायलाही काही जणी नको म्हणू लागल्या. अण्णा काळजीत पडले की काही बोलत नसत, स्वच्छ असलेला हातोडा पुनःपुन्हा पुसत बसत. आणि एक दिवस आमच्या समोरच काचेची कपाटं आणि झगझगीत दिवे लावून रोल्डगोल्डचं, सोन्याचा नुसता मुलामा दिलेल्या दागिन्यांचं, दुकान निघालं. त्या दिवशी अण्णांचा हातोडा आरशासारखा झाला.

काकू काय करणार म्हणून सगळी पेठ बघत होती. त्या पदर खोचून समोर गेल्या, रोल्डगोल्डच्या दोन बांगड्या घेऊन आल्या आणि हातात घातल्या. त्याच हातांनी त्यांनी भांडी घासली, धुणं धुतलं, शेणानं सारवलं. समोरच्या दुकानदाराचा जीव टांगणीला. बऱ्याच दिवसांनी एका बांगडीचा रंग आतल्या बाजूनं उडाला. काकूंनी ती दुकानात खिळ्याला टांगून ठेवली, आणि ज्या बाईला सोनं परवडणार नसे तिला दाखवून सांगू लागल्या, "समोर जा. चांगल्या असतात. फक्त भांडी घासताना काढून ठेव, नाहीतर अशी होते." समोरच्याला वाटलं होतं ही बाई आपलं दुकान उठवणार. दिवाळीला त्यानं मिठाईचा पुडा पाठवला.

मग सोन्याचा भाव एकदम चढला. त्याचं कारण साहेबाच्या देशात कुठंतरी होतं म्हणे, पण परिणाम आमच्या ओट्यावर दिसायला लागला. माणसं सोनं विकायला येऊ लागली. धोतराच्या सोग्यात बांधलेल्या पुतळ्या, पाटल्या, वज्रटिका. सगळीकडं सराफ तराजू सरसावून बसले होते. आमच्याकडं मात्र काकूंनी एक नियम केला. बाईचा दागिना पुरुषाच्या हातून घ्यायचा नाही. जिचा असेल तिनं यायचं.

"धंदा बुडेल," अण्णा म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

"दुसऱ्या सराफांचा नाही का वाढणार? कुणाचा तरी वाढतोय ना?" काकू म्हणाल्या.

वलवणचा एक गडी पाटल्या घेऊन आला होता, तो मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. उंच, हाडकुळा, मिशा पिळलेल्या.

"जिच्या हातातल्या आहेत ती कुठाय?" काकूंनी विचारलं.

"घरी हाय की. बरं न्हाई तिला."

"मग बरी झाली की घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तो एका बाईला घेऊन आला. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. "ह्यी माजी मंडळी," तो म्हणाला.

"बाई, विकायच्यात ना पाटल्या?" पदर हलला. "मग एकदा हातात घाला. दागिना जाताना हातातनं काढून द्यावा, असा उचलून देऊ नये."

बाईनं पाटली चढवायला घेतली. ती अंगठ्याच्या सांध्यापाशी जाऊन घट्ट अडकली. पुढं जाईना, मागं येईना. काकूंनी तेल आणलं, मी साबण आणला. गडी घामाघूम. शेवटी काकूंनी एक हिसका दिला तशी बाई ओरडली, "आगं आयाई गं!" आणि पदर खाली पडला. पन्नाशीची, मिशीवाल्यासारख्याच नाकाची बाई होती ती.

"थोरली बहीण का?" काकूंनी विचारलं.

"व्हय वो!" बाई भावावरच उसळली. "तरी म्या ह्याला म्हनलं हुतं, माजा हात मोटा हाय!"

दुकानात हसू फुटलं. अण्णासुद्धा फुंकणी बाजूला ठेवून हसले. तिसऱ्या दिवशी खरी बायको आली; लहानखुरी, शांत. पाटल्या तिच्या हातात सरकन गेल्या.

"बैल घ्यायचाय त्यास्नी," ती म्हणाली. "एक पाटली घ्या, सोनारीणबाई. एक ऱ्हाऊ द्या हातात."

"मग हे सरळ बायकोला सांगायला काय झालं होतं?" काकूंनी गड्याला विचारलं.

"ती न्हाई म्हनंल असं वाटलं."

"इचारलं असतं तर मीच काडून दिल्या असत्या," बायको म्हणाली. त्यावर तो गडी असा खाली बघत बसला की काकूंनाच दया आली. त्याला चहा पाजूनच त्यांनी घरी पाठवलं.

पण काकूंचं खरं पाणी मला दिसलं ते परंदवडीच्या नथीच्या वेळी.

परंदवडीच्या पाटलांच्या रखमाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिची आई भागूबाई स्वतः आगगाडीनं आली. खमकी, हिशेबी बाई. सोयरे तालेवार आहेत, बाकी सगळं साधं चालेल पण नथ अशी हवी की मांडवात बायकांनी वळून बघावं, एवढंच तिचं सांगणं. काकूंनी मुंबईच्या नगीनभाईंना निरोप धाडला. हे मोत्यांचे दलाल. दर महिन्या-दोन महिन्यांनी लाल फडक्याच्या पुड्या घेऊन लोणावळ्याला येत. या खेपेला त्यांनी पुडी सोडली आणि काकूंच्या तोंडातला दोरा गळून पडला.

"इंदू, इकडं ये, बघ तरी!" त्यांनी मला हाक मारली. तळहातावर मोती होते, टपोरे, गुलाबी झाक मारणारे, सगळे सारखे. "बसऱ्याच्या मोत्यांत इतके जुळणारे मिळायला माणसाचा जन्म जातो गं."

मोती खरा की काचेचा ते बघायची त्यांची रीत ठरलेली होती. पुढच्या दातांवर हलकेच घासायचा. काच गुळगुळीत लागते, मोती किंचित खरखरतो. त्यांनी एकेक मोती दातांवर घासला. प्रत्येक खरखरला. अण्णांनी सोन्याच्या तारेत नथ बांधली, मधे लाल खडे बसवले. दोन मोती उरले ते काकूंनी डबीत ठेवले. लग्नाला आम्हांला बोलावणं होतं. मांडवात बायकांनी वळून वळून पाहिलं. काकू परतताना गाडीत सारख्या बोलत होत्या, आणि दोरा नसल्यामुळं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

श्रावण नुकताच लागला होता, तेव्हा शिरीनबाई छत्री झटकत दुकानात आल्या. मुंबईहून त्यांच्या भावाची बातमी होती. "गोदाबाई, मुंबईमदी तर मोतीवाले रडते," त्या सांगू लागल्या. "जपानवाला शिंपलीमदी मणी घालते, पाणीमदी सोडते. दोन-तीन वरस ठेवते. मंग वरती मोती चढते. एकदम मस्त, सगळा सेम टु सेम! दातला लावला तरी समजत नाय."

शिरीनबाई आणखीही काही सांगत होत्या. काकू ऐकत नव्हत्या. त्या गेल्यावर काकूंनी डबीतला एक मोती काढला, अण्णांच्या ऐरणीवर ठेवला आणि हातोडा मारला. वरचं पातळ साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटलं. आत शिंपल्याचा गोल, गुळगुळीत, पांढरा मणी होता.

त्या तुकड्यांकडं बघत काकू बसून राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. चहाही विसरल्या.

"कुणाला कळणार नाही," अण्णा हळूच म्हणाले.

"मला कळलंय ना."

अण्णांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. टोपी डोक्यावर नीट बसवली. "मग सकाळच्या गाडीनं जाऊन ये," ते म्हणाले. "इंदूला सोबत ने. तिचं माहेर वाटेवर आहे."

त्याच रात्री काकूंनी कपाटातून आपली स्वतःची लग्नातली नथ काढून कमरेच्या पिशवीत ठेवली. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तळेगावला उतरलो. माझ्या भावानं बैलगाडी जुंपून दिली. सोमाटण्यावरून परंदवडीला जाताना दोन्हीकडं खाचरांत भाताची आवणी उरकत आली होती. कोवळ्या रोपांच्या ओळी पाण्यात उभ्या होत्या. एरवी काकूंनी गाडीवानाचं लग्न कुठं ठरलं इथपासून सुरुवात केली असती. त्या दिवशी वाटेत फक्त एकदा म्हणाल्या, "इंदू, मोठ्या घरात गेलीय गं पोर. नथीवरनं तिला कुणी बोललं तर ते माझ्यामुळं."

रखमा नागपंचमीला माहेरी आली होती. ओसरीवर तिचे आजोबा, आबा, चिखलाचे पाय धूत होते. भागूबाईनं घोंगडी टाकली, गुळपाणी दिलं. काकूंनी गुळाला हात लावला नाही. आधी सगळं सांगून टाकलं. मोती कुठून आले, त्यांनी ते कसे तपासले, आणि ऐरणीवर काय दिसलं. मग पिशवीतली नथ काढून घोंगडीवर ठेवली.

"ही माझी. हिच्यातले मोती बसऱ्याचे आहेत, माझ्या आजीपासूनचे. ही रखमाला घ्या. ती मला द्या."

भागूबाईचा चेहरा काळवंडला होता. "आन सोयऱ्यांस्नी काय सांगू मी?" ती म्हणाली. "समद्या मांडवात मिरवली ती नथ. खोटी निगाली म्हनू?"

"आई, थांब गं जरा," रखमा म्हणाली. पंचमीची म्हणून ती नथ घालूनच बसली होती. तिनं नथीला हात लावला. "मावशी, ह्यो काचंचा हाय का?"

"काचेचा नाही. मोतीच आहे. शिंपल्यातच झालाय, समुद्रातच. फक्त आतला मणी माणसानं हातानं ठेवलाय. एरवी तिथं आपोआप काहीतरी शिरतं, शिंपली त्याच्यावर थर चढवते. इथं माणसानं ठेवलं, शिंपली परत पाण्यात सोडली, आणि वाट बघत बसला."

आबा पाय धुवायचे थांबले होते. "म्हंजी ह्येची आवणी केलीया म्हना की," ते म्हणाले.

काकूंना कळलं नाही. "काय केलीय?"

"आवणी वो. आमी न्हाई का भाताचं रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावीत? त्यो भात काय आपनहून उगावतोय व्हय? आमीच लावतो. मंग त्याला काय खोटा भात म्हंत्यात?" आबांनी धोतराला हात पुसले. "रानात आपनहून उगावल्यालं त्ये देवभात. मूठभर मिळतं. त्ये दुर्मिळ, त्येची किंमत निराळी. पर पोट भरतंय त्ये आवणीच्या भातानं."

रखमा खुदकन हसली. मग मी हसले. काकू आधी आबांकडं, मग रखमाच्या नाकाकडं बघत राहिल्या, आणि त्यांचा सकाळपासून आवळलेला चेहरा सैल पडला.

भागूबाई मात्र हसली नाही. "त्ये समदं खरं," ती म्हणाली. "पर भावात फरक असंल न्हवं?"

"आहे. बराच आहे."

"मंग त्यो द्या."

"देणारच! विचारलंत म्हणून बरं वाटलं," काकू म्हणाल्या, आणि गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. "सोन्यात देते. अण्णा रखमाच्या कानांना वेल घडवतील. चालेल?"

चालणार होतं. राहिला प्रश्न सोयऱ्यांचा. भागूबाई म्हणाली, कुणी काही बोलू नका, झाकून राहील. रखमानं मान हलवली.

"मी सांगनार सासूबाईस्नी. उद्या दुसऱ्या कुनी सांगितलं म्हंजी मी चोरटी ठरंन." मग तिनं घोंगडीवरची काकूंची नथ उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. "आन मावशी, ह्यी तुमच्या लग्नातली. घाला की नाकात. लय दिस डबीत ऱ्हायल्याली दिसतीया."

काकू नको नको म्हणत होत्या, पण रखमानं ती त्यांना घालायलाच लावली. नाकाचं भोक बुजत आलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याचंच असं काकूंनी सगळ्यांना सांगितलं. परतीच्या गाडीत त्या नथ घालूनच बसल्या. दुकानात अण्णांनी मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. जरा वेळानं खालच्या मानेनंच म्हणाले, "बरी दिसते."

तरी गोष्ट इतक्या गोडीनं संपली नाही. परंदवडीहून बातमी आमच्या आधी बाजारात पोचली होती, आणि वाटेत तिचा आकार बदलला होता. सोनारणीनं पाटलांना खोटे मोती घातले, असं लोक बोलू लागले. श्रावण सगळा दुकान सुनं गेलं. ओवायला येणारे सर येईनात. काकू आपल्याच घरच्या जपमाळा सोडून पुन्हा ओवत बसत. मला म्हणायच्या, "हात आखडायला नकोत." मी चिडून म्हटलं, "तुम्ही सांगायला गेलात म्हणून हे झालं." तर म्हणाल्या, "आणि मी न सांगता हे बाहेर पडलं असतं, तर काय केलं असतं मी, सांग?"

गणपतीच्या आधी एके दिवशी टांगा थांबला आणि एक धिप्पाड बाई दुकानाच्या पायऱ्या चढली. पायातल्या जोडव्यांचा आवाज सगळ्या पेठेत. मागून रखमा. ही तिची सासू. मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. अण्णांनी हातोडा पुसायला घेतला. समोरचा रोल्डगोल्डवाला दारात येऊन उभा राहिला.

सासूबाई जाजमावर बसल्या, दम घेतला. "सुनंच्या नाकात हायती तसलं मोती पायजेत," त्या म्हणाल्या. "माज्या दोनी लेकीस्नी. एकसारखं."

काकूंनी तोंडातला दोरा काढून बाजूला ठेवला. "ते कसे झालेत ठाऊक आहे ना तुम्हांला?"

"आवणीचं हायती. सुनंनं आल्या आल्या सांगितलं की. आता गावात समद्यांस्नी ठावं हाय." त्यांनी रखमाच्या नाकाकडं अभिमानानं पाहिलं. "ह्यो तुमचा बसरा कुटं हाय त्ये आमाला ठावं न्हाई. आवणी ठावं हाय. भावाला हलकं आन नाकात भारी. दावा."

त्या दिवसापासून दुकानात दोन तबकं झाली. एकात बसऱ्याचे, एकात आवणीचे. दोन्हींचा भाव वेगळा, आणि कुठला कुठला ते विचारायच्या आधी सांगितलं जाई. अण्णांनी पाटी रंगवली, 'येथे आवणीचे मोती मिळतील'. नगीनभाई पुढच्या खेपेला आले ते पाटी बघून डोक्याला हात लावूनच बसले. "बहेन, बोर्ड पे मत लिखो! मुंबई में सब छुपाते हैं. धंदा बैठ जाएगा!"

"नगीनभाई, तुम्हांला पण फसवलंच ना कुणीतरी?" काकूंनी विचारलं. नगीनभाईंनी मान डोलावली. "मग आता चहा घ्या, आणि पुडी सोडा. या खेपेला जास्त लागतील."

धंदा बसला नाही. मावळातल्या लग्नांत आवणीच्या मोत्यांची नथ हा रिवाजच पडला. मुंबईच्या एक-दोन शेठाणीही येऊन हळूच विचारू लागल्या, "वो गाँववाले मोती हैं क्या?"

पुढं यांची बदली झाली आणि आमचं लोणावळ्याचं बिऱ्हाड उठलं. लढाईच्या दिवसांत एकदा तळेगावला आले होते, तेव्हा मुद्दाम एक दिवस काढून काकूंना भेटायला गेले. केस पांढरे झाले होते, बाकी फारसा बदल नव्हता. संध्याकाळी दोघंही मला स्टेशनवर पोचवायला आली. माझी पुण्याकडची गाडी यायची होती. समोर मुंबईकडं जाणारी गाडी उभी होती. आमच्यासमोरच्याच डब्याच्या खिडकीत एक नवी नवरी बसली होती. मळवट अजून ताजा. रडून रडून डोळे सुजलेले. काकू माझ्याशी बोलता बोलता थांबल्या.

"अगं, तिच्या मंगळसूत्राचा दोरा बघ. वाटीपाशी दोनच तंतू राहिलेत. कल्याणपर्यंत तुटेल."

आणि मी काही म्हणायच्या आत त्या डब्याकडं निघाल्या. डब्याच्या दाराशी, कुणाच्या घरात शिरावं तशा त्यांनी चपला फलाटावरच काढल्या आणि आत गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. नवरीला त्यांनी काहीतरी सांगितलं, ती चपापून गळ्याशी हात नेऊ लागली. काकूंनी तो बाजूला केला, कनवटीचं रेशीम काढलं आणि तिच्या मानेवर वाकल्या. मंगळसूत्र गळ्यातून न काढता नव्या दोऱ्याची जोड देणं चाललं होतं. शिट्टी झाली.

"काकू, गाडी सुटतेय!" मी ओरडले. "उतरा!"

"अर्ध्या गाठीवर कशी उतरू?" आतून आवाज आला. त्यांनी वरही पाहिलं नाही. नवरी एव्हाना रडायची थांबली होती आणि काकूंचं काहीतरी ऐकत चक्क हसत होती. गाडी हलली. काकूंची पांढऱ्या केसांची मान त्या हळदीच्या गळ्यावर वाकलेली, तशीच खिडकीसकट पुढं सरकली, आणि खंडाळ्याच्या वळणाकडं दिसेनाशी झाली. मला त्या दिसल्या त्या शेवटच्या.

मी घाबरून अण्णांकडं वळले. ते शांत होते.

"कर्जतला उतरेल," ते म्हणाले. "वर येणाऱ्या गाडीनं येईल."

तेवढ्यात माझी गाडी आली. मी चढले, खिडकी धरली. अण्णा फलाटाच्या कडेला गेले, काकूंच्या चपला उचलल्या, उपरण्यानं पुसल्या. मग बाकावर जाऊन बसले, चपला आपल्या पायांशेजारी नीट जोडून ठेवल्या, आणि घाटाकडं तोंड करून वाट बघू लागले.